बाराच्या बारा अंडी

संध्याकाळी सव्वासातला डोंबिवलीच्या मधल्या पुलावर दोन गाड्यांची गर्दी एकदम चढली की माणूस चालत नाही, नुसता वाहत जातो. माझ्या डाव्या खांद्याला पर्स होती, त्याच हातात रिकाम्या डब्याची पिशवी, आणि उजव्या हातात डझनभर अंडी. पश्चिमेला एका दुकानात डझनामागे पाच-सहा रुपये स्वस्त मिळतात म्हणून वाट वाकडी करून घेतलेली, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली. ती छातीशी धरून मी पुढच्या माणसाच्या पाठीवर नजर ठेवून सरकत होते. आणि मागून एक हात आला. धक्का कुठला आणि हात कुठला, हे ओळखायला बाईला डोळे लागत नाहीत. पाठीला कळतं, कमरेला कळतं. दोन सेकंद असतील, तीन असतील. मी अर्धवट वळले आणि माझ्या तोंडून एक शब्द निघाला.

"सॉरी."

मी म्हटलं. त्याने नाही, मी. मागे चारपाच माणसं होती. एक राखाडी शर्ट होता, तो जिन्याकडे झपझप निघून गेला. हात त्याचाच होता की नाही याचीही खात्री नाही. घरी आले, फ्रिजच्या दारातल्या खाचांमध्ये अंडी एकेक करून लावली. बाराच्या बारा शाबूत. मग कपाटातून पांढरा कराटे ड्रेस काढला, कारण मंगळवार होता आणि आठला माझा क्लास होता. चार महिने झाले होते मला. दोनच आठवड्यांपूर्वी येलो बेल्ट मिळाला होता, त्याचं सर्टिफिकेट लेकीने कौतुकाने शोकेसमध्ये उभं करून ठेवलं होतं. त्या दिवशी पट्ट्याची गाठ बांधताना मी त्या सर्टिफिकेटकडे पाठ करून उभी राहिले.

क्लासला मी गेले तेही माझ्या मनाने नाही. लेक जायची. मंगळवार, गुरुवार, शनिवार, एका शाळेच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. मी बाहेर लाकडी बाकावर बसून मोबाइल बघायचे, भाजी निवडायची असेल तर तीही निवडायचे. सर म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा. सिनेमात सगळे 'सेन्सेई' म्हणतात, पण आमच्याकडे सगळे 'सर'च म्हणतात, आणि उत्तर द्यायचं ते 'ओस सर'. तो एकदा दारात येऊन म्हणाला, "ताई, नाहीतरी तासभर बसताच, तर आत उभ्या राहा ना." मला वाटलं, गंमत करतोय. पुढच्या आठवड्यात मी सलवार-कमीजवर ओढणी कमरेला खोचून रांगेच्या शेवटी उभी होते. रांग बेल्टप्रमाणे लागते, वयाप्रमाणे नाही. माझ्या अलीकडे सात वर्षांचा, समोरचे दोन दात पडलेला एक येलो बेल्ट होता, त्याने मला मूठ कशी वळायची ते शिकवलं. "काकू, अंगठा आत नाही घ्यायचा, मोडतो." आता गंमत अशी की लेकीने दिवाळीनंतर क्लास सोडला, तिला फुटबॉल हवा होता. मी मात्र उरले.

त्या हॉलचा एक वास आहे. शहाबादी फरशी, पावसाळ्यात ती घामेजते, तीस मुलांचे अनवाणी पाय, कोपऱ्यात गेल्या गॅदरिंगचं थर्माकोलचं देऊळ, आणि मोठ्या माणसांच्या बाजूने येणारा मलमाचा उग्र दरवळ. नवा ड्रेस खळ दिल्यासारखा कडक असतो; बुक्की नीट गेली तर बाही फट्‌कन वाजते. माझी वाजायला अडीच महिने लागले. पहिल्यांदा वाजली तेव्हा मी मागे वळून बघितलं होतं, कुणाची म्हणून. इची, नी, सान, शी. दहापर्यंत जपानी आकडे, ते मी कणीक मळताना मोजायला लागले. झेन्कुत्सुमध्ये पुढचा गुडघा वाकवून मागचा पाय ताणून उभं राहिलं की मांड्या थरथरायच्या. सर म्हणायचे, "खाली, अजून खाली." एवढ्या खाली मी शेवटची कधी बसले होते ते आठवेना. बहुतेक आजीच्या घरी, सारवताना.

शरीराचं मी निभावलं. अडलं ते आवाजाशी.

वार पूर्ण होतो त्या क्षणी पोटातून ओरडायचं असतं, त्याला कियाई म्हणतात. मुलं त्याच्यासाठीच येतात की काय अशी शंका यावी, इतकी मनापासून किंचाळतात. माझी पाळी आली तेव्हा जो आवाज निघाला तो दार किलकिलं करून दूधवाल्याला अर्धा लिटर कमी द्यायला सांगावं तसा होता. मुलं खो-खो हसली. मीही हसले. पण पुढच्या वेळी तोच आवाज, त्याच्या पुढच्या वेळीही तोच. आणि असं नाही की मला आवाज नाही. गणपतीत आरतीला आमच्या मजल्यावर माझाच आवाज वरच्या पट्टीत असतो. मासळी बाजारात पापलेटवालीशी मी दोन गाळे पलीकडे ऐकू जाईल असं भांडू शकते. पण आरती सगळ्यांबरोबर असते आणि भाव करणं घरासाठी असतं. एकटीने, स्वतःसाठी, कारण न देता ओरडायचं, म्हणजे नेमकं कुठून ओरडायचं? "हळू बोल, चाळ ऐकतेय" हे वाक्य आमच्या घरात घड्याळाच्या टोल्यासारखं पडायचं. माझ्या भावाला ते कधी ऐकू आलं नसावं.

एका शनिवारी सरांनी कराटे बाजूला ठेवून फक्त तोंड चालवायला लावलं. जोडीदार अंगावर चालून येणार, आपण हात पुढे करून ओरडायचं. मोठ्या बायका आम्ही चौघी. माझ्यासमोर एक कॉलेजचा ब्राउन बेल्ट मुलगा उभा केला. तो दोन पावलं पुढे आला आणि मी म्हटलं, "मागे सरा."

सरांनी शिट्टी वाजवली. "ताई, सरा? त्याला अहो-जाहो कशाला करताय?"

सगळे हसले, पण मला खरंच जमेना. "मागे सर" म्हणताना जीभ अडखळायची. अनोळखी पुरुषाला एकेरीत हाक मारायची सवयच नाही. रिक्षावाला, कंडक्टर, वॉचमन, सगळ्यांना अहो. इंग्रजीत ही अडचण नसणार. तिथे वाईट माणसाला आणि सासऱ्याला एकच सर्वनाम. मराठीत मात्र हल्लेखोराचा आधी मानमरातब ठरवावा लागतो. आमच्यातली एक, नवऱ्याचा डेअरीचा धंदा सांभाळणारी, तिने "ए, मागं हो!" अशी काही हाळी दिली की ब्राउन बेल्ट खरोखर मागे सरकला. तिला काही शिकवावं लागलं नाही. माणसांना वाटेतून बाजूला करायचं काम ती वीस वर्षं करतच होती.

पुलावरचा तो शब्द मी नवऱ्याला सांगितला नाही. हात आला एवढं सांगितलं. तो चिडला, मग म्हणाला, "मग तू काय केलंस?" यात दुष्टपणा काही नव्हता, पण चार महिन्यांची फी भरलेली असल्यामुळे त्या प्रश्नाला एक धार होती. मी म्हटलं, "गर्दी होती." खरी गोष्ट अशी की त्या रात्री क्लासमध्ये माझ्या अंगात आलं होतं. मी पॅडवर इतक्या लाथा मारल्या की सर म्हणाले, पुरे. हॉलमध्ये माझी माए-गेरी, म्हणजे समोरची लाथ, छान जाते. तिथे फरशी मोकळी असते, समोरचा आधी वाकून नमस्कार करतो, आणि माझे हात रिकामे असतात.

या रिकाम्या हाताचीही एक गोष्ट आहे. कराते म्हणजे रिकामा हात, हे पहिल्याच दिवशी सांगतात. पण कराटे जिथलं त्या जपानच्या ओकिनावा बेटावर पूर्वी यातला 'कारा' हा चीनचा होता, म्हणजे चिनी हात. उच्चार तोच ठेवून अक्षर बदललं आणि चीनचा रिकामा झाला; १९३६ साली नाहा शहरात तिथल्या जाणत्या गुरूंनी बसून ते मान्य केलं. हे नवं अक्षर लावून धरणारे गिचिन फुनाकोशी शाळामास्तर होते. १८६८ सालचा जन्म, लहानपणी अशक्त. १९२२ साली प्रात्यक्षिक दाखवायला म्हणून टोकियोला गेले आणि तिथेच राहिले. मला त्यांच्याबद्दल एक घरगुती माया वाटते, मास्तर असल्यामुळे असेल. पण मी एकदा सरांना विचारलंच, "सर, दोन्ही हातांत पिशव्या असतील तर?"

"सोडून द्यायच्या."

"आत अंडी असतील तर?"

त्यांना वाटलं, काकू विनोद करतायत. मी खरंच विचारत होते. माझ्या वयाच्या बाईचा हात स्टेशनबाहेर रिकामा मी पाहिलेला नाही. डबा, छत्री, कोथिंबीर, मुलाचं दप्तर, सासूबाईंच्या गोळ्या. दुसऱ्याच्या घरी जातानाही रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणतात. त्या संध्याकाळी माझ्या अंगाने निर्णय घेतला होता, आणि तो अंड्यांच्या बाजूने घेतला होता.

मी हे सगळं आईलाच सांगितलं शेवटी. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत तिने तीस वर्षं नोकरी केली, डोंबिवलीहून, त्या काळच्या गाड्यांनी. ती ऐकत ऐकत शेंगा सोलत होती. मग म्हणाली, "दाखव बघू, काय शिकवतात." मी स्वयंपाकघरात, ओट्याला आणि फ्रिजला सांभाळत, हेयान शोदान करून दाखवला. हा पहिला काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली. मुलं त्याला 'काटा' म्हणतात आणि आता मलाही तेच बरं वाटतं. एकवीस हालचाली. डावीकडे वळून खालचा वार अडवायचा, पाऊल टाकून बुक्की, मागे वळून पुन्हा अडवायचं. चौथी हालचाल माझी आवडती: कुणीतरी मनगट धरलंय असं समजून ते झटक्याने ओढून घ्यायचं आणि वरून मुठीचा हातोडा. धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात ओढायचा, कारण पकडीत कच्ची जागा तीच, चार बोटांसमोर एकटा अंगठा. इतोसू नावाच्या गुरूंनी ओकिनावातल्या शाळकरी मुलांसाठी हे काते बसवले, आणि नावाचा अर्थ शांतता असा काहीसा आहे. पाचही हेयान काते अडवण्याने सुरू होतात, पहिला वार एकातही नाही. फुनाकोशींचं प्रसिद्ध वचनही तेच सांगतं, की कराट्यात पहिला वार आपला नसतो. हे ऐकून मला कधीकधी हसू येतं. अहो मास्तर, आम्हाला शेवटचासुद्धा जमत नाही.

आईने शेंगांची पाटी बाजूला ठेवली. "बुक्की मारताना दुसरा हात एवढा मागे कशाला नेतेस? त्याला कळेल ना तुझ्या मनात काय आहे."

मी सांगितलं, त्याला हिकिते म्हणतात, तो हात समोरच्याला पकडून ओढून घेण्यासाठी असतो.

"ओढून कशाला घ्यायचा मेल्याला जवळ?" आई म्हणाली. मग तिने आपल्या बांगडीला लावलेल्या पिनांच्या घोसातून एक मोठी पिन काढली. आईच्या बांगडीत पिना नाहीत असं मला तिचं रूप आठवतच नाही. मी समजत होते, त्या साडीसाठी. तिने पिन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरली, टोक इवलंसं बाहेर. "तोंड खिडकीकडे ठेवायचं. म्हणजे आपण समुद्रच बघतोय. हात हलवायचा नाही, गाडी हलते ना, तिच्याबरोबर नुसता जाऊ द्यायचा." आणि तिने माझ्या मांडीपासून बोटभर अंतरावर हात आणून थांबवला. खांदा हलला नाही, चेहरा हलला नाही. मी चार महिन्यांत पाहिलेलं सगळ्यात नेटकं तंत्र ते होतं.

"कितीदा?" मी विचारलं.

"मोजलं कुणी? ओरडायचे मेले. आणि मग मीच विचारायचे, काय झालं हो?"

तिने पिन परत बांगडीला लावली. मग बराच वेळ शेंगा सोलण्याचाच आवाज होता. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी पोटात काहीतरी ढवळलं, कारण ती तीस वर्षं रोज दोनदा हातात पिन धरून घरी आली होती आणि आल्या आल्या मला गृहपाठ विचारत होती. तिने मला पिन लावायला शिकवली. टोचायला का नाही शिकवली? हे मी विचारलं नाही. तिला वाटलं असेल, हिच्या वेळेपर्यंत लागणार नाही.

नंतर पुलावरून जाता-येता मी स्वतःकडे बघायला लागले. गर्दीचा पहिला स्पर्श होण्याआधीच माझी पर्स पोटावर येते. कोपरं बरगड्यांना चिकटतात. खांदे आत, हनुवटी खाली, नजर पुढच्याच्या पाठीवर. कुणाला लागलं, कुणाचं मला लागलं, तरी 'सॉरी'. क्रम कधी चुकत नाही. हाही एक काताच आहे, नाव नसलेला. नोकरीला वीस वर्षं झाली. वर्षाचे दोनशे ऐंशी दिवस, जाताना एकदा, येताना एकदा, म्हणजे अकरा हजारांच्या वर. हेयान शोदान माझा फार तर पाचशे वेळा झाला असेल. जे जास्त घोटलेलं असतं तेच ऐन वेळी बाहेर येतं, असं सर तर रोज ओरडून सांगतात; माझ्या अंगाने त्यांचं तंतोतंत ऐकलं होतं.

म्हणून त्या दोन तासांच्या शिबिरांचं मला आता नवल वाटतं. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीत जे झालं त्यानंतर आमच्या ऑफिसात एकाएकी सगळ्यांना स्वसंरक्षण आठवलं. ८ मार्चला एक गुलाब, एक वडा-सांबार आणि कॉन्फरन्स रूममध्ये खुर्च्या सरकवून एक प्रात्यक्षिक. सगळ्यांना मिरचीच्या फवाऱ्याची बाटली दिली. माझी पर्सच्या तळाशी पडून पडून तारीख उलटून गेली. पुरुषांना त्या दिवशी अर्धा तास लवकर सोडलं होतं. त्यांच्यासाठी काही कार्यक्रम नव्हता.

आणि कराटेसुद्धा रस्त्यासाठी किती, हा प्रश्न उरतोच. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ते आलं, पॅरिसला गायब झालं, तेव्हा क्लासमधली मोठी मुलं फार हिरमुसली होती. पण त्या कुमितेत, म्हणजे दोघांच्या लढतीत, अंतर असतं, पंच असतो, वार लागायच्या आत आवरावा लागतो. पुलावर अंतर नावाची चीजच नाही. आमच्या क्लासमध्ये कायद्याचं शिकणारी एक मुलगी आहे, तिने एकदा पट्टा सोडता सोडता सांगितलं, की भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमं खासगी बचावाच्या हक्काची, बचावाला लागेल तेवढंच मारायचं, सूड नाही. मी मनात म्हटलं, जास्तीची चिंता आपण नंतर करू.

सरांना मी 'सॉरी'ची गोष्ट तीन आठवड्यांनी सांगितली, मुलं गेल्यावर, हॉलचे दिवे बंद करताना. मला वाटलं होतं ते काहीतरी जोशपूर्ण बोलतील. ते म्हणाले, "जिन्याच्या तोंडाशी लाथ मारली असतीत तर चार माणसं खाली गेली असती." मग थोडं थांबून, "माझा मोबाइल नेला ना दोघांनी गेल्या वर्षी. खाडीकडच्या रस्त्याला. एकाकडे चाकू होता."

"मग?"

"दिला. पासवर्ड विचारला, तोही दिला." कुलूप लावत ते म्हणाले, "येलो बेल्टवाल्यांना सांगू नका. म्हणजे तुम्ही सोडून बाकीच्यांना."

जुलैत एकदा धो-धो पाऊस होता. स्टेशनवरून शेअर रिक्षा, दोन्ही बाजूंचे रेक्झिनचे पडदे खाली, आत ओल्या कपड्यांची वाफ. मागे आम्ही तिघं, मी मधे. उजवीकडचा माणूस मांड्या फाकवून बसलेला, आणि त्याचं कोपर माझ्या बरगडीवर, आणि प्रत्येक खड्ड्याला जरा पुढे. खड्डा संपला तरी पुढेच. मांडीवर माझ्या भाजीची पिशवी होती, वर टोमॅटो. पर्स पोटाकडे आलीच होती, खांदे आत गेलेच होते, आणि तोंडाशी तो शब्दही आला असणार, कारण मला तो गिळल्याचं आठवतंय. मग बेंबीच्या खालून कुठून तरी आवाज आला. डावीकडची मुलगी दचकली. रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि गाणं बारीक केलं. कोपर आत गेलं, मांड्या मिटल्या, आणि उरलेला सगळा रस्ता तो माणूस मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं वाचत होता. त्याच्या कोपराला खरंच वाईट हेतू होता की नुसता ऐसपैस स्वभाव, हे मला आजही सांगता येणार नाही. उतरल्यावर पाय थरथरत होते, झेन्कुत्सुत थरथरतात तसेच.

गुरुवारी सरांना सांगितलं.

"आवाज पोटातून आला?"

"पोटातून."

"काय म्हणालात?"

मी जरा रेंगाळले. मागून सात वर्षांचा येलो बेल्टही कान देऊन ऐकत होता.

"अहो, कोपर आत घ्या."

सरांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "ठीक आहे, रांगेत उभ्या राहा."